उंचावरचे बर्फाचे ढग: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

सिरस ढगांबद्दल जे प्रश्न येतात ते बरेचसे तेच तेच असतात, आणि प्रत्येकाला तुटक तुटक उत्तर दिलं की अर्धं सांगायचं राहून जातं, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतोय. आधी सोपे प्रश्न आहेत, खाली जाल तसे अवघड. एका ठिकाणी सांगितलेलं दुसरीकडे परत लिहिलेलं नाही, तिथे फक्त प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. हे ढग म्हणजे नक्की कुठले? नुसतं बघून ओळखता येतात का?

हो, सहज. निळ्या आकाशात एकदम वर पांढरे पातळ तंतू दिसतात, पिंजलेला कापूस बोटांनी ओढून लांब केल्यासारखे, ते सिरस. त्याच उंचीवर त्याचे दोन भाऊबंद असतात. सिरोस्ट्रॅटस म्हणजे अख्ख्या आकाशावर पसरलेला दुधट थर, आणि सिरोक्युम्युलस म्हणजे बारीक बारीक पांढऱ्या दाण्यांच्या रांगा. खूण अशी की सिरसमधून सूर्य दिसत राहतो आणि जमिनीवर तुमची सावलीही पडत राहते. ढग आलाय आणि सावली पुसली गेली तर तो बहुतेक खालच्या किंवा मधल्या थरातला पाण्याचा ढग. ही नावं पडली १८०२ साली, ल्यूक हॉवर्ड नावाच्या माणसाने लंडनमध्ये वाचलेल्या निबंधातून. तो पेशाने औषधं बनवणारा होता, हवामानाचा नुसता नाद, आणि त्याने केलेली विभागणी आजही वापरात आहे.

२. किती उंचीवर असतात?

तुम्ही पृथ्वीवर कुठे आहात त्यावर ठरतं. उष्ण कटिबंधात साधारण ६ ते १८ किमी, समशीतोष्ण भागात ५ ते १३ किमी आणि ध्रुवांकडे ३ ते ८ किमी. फरक पडतो कारण ट्रोपोस्फिअर, म्हणजे हवेचा जो थर सतत वरखाली ढवळला जातो, तो विषुववृत्ताजवळ उंच आणि ध्रुवांजवळ बुटका असतो, आणि नेहमीचे ढग त्याच्या माथ्याच्या फार वर जात नाहीत. माथ्याच्याही वर दिसणारे ढग ही वेगळी जमात आहे, त्यांचं प्रश्न १९ मध्ये.

३. पाणी शून्य अंशाला गोठतं हे शाळेत शिकलोय, मग बाकीच्या थंड ढगांत पाणी कसं काय राहतं?

शाळेतली गोष्ट खोटी नाही, अपुरी आहे. शून्य अंश हे बर्फ वितळायचं तापमान. गोठायला मात्र आधी बर्फाचा एक छोटासा गाभा जमावा लागतो, आणि ढगातल्या बारीक शुद्ध थेंबात तो आपोआप जमत नाही, त्यामुळे उणे १०, उणे २० अंशालाही ढगात पातळ पाणी राहू शकतं, त्याला अतिशीत पाणी म्हणतात. साधारण उणे ३८ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की मात्र थेंब बाहेरच्या कुठल्याही मदतीशिवाय गोठतात. म्हणून या विषयात उणे ३८ हा आकडा सारखा येतो. त्याच्या वरच्या तापमानाला ढगात पाणी आणि बर्फ दोन्ही असू शकतं, खालच्या तापमानाला फक्त बर्फ, आणि खरे सिरस ढग मुख्यतः या थंड बाजूला असतात.

४. मग बर्फाचा कण नेमका तयार होतो कसा? सगळ्यांचं उत्तर वेगळं का असतं?

कारण रस्ते दोन आहेत आणि दोन्ही खरे आहेत.

पहिला रस्ता असा. वरच्या हवेत गंधकयुक्त संयुगांचे अतिसूक्ष्म द्रव कण तरंगत असतात, आम्ल आणि पाणी यांचं मिश्रण. हवा वर चढते, थंड होते, आर्द्रता वाढते, हे कण पाणी ओढून घेत फुगतात, पातळ होतात, आणि एका टप्प्याला अचानक गोठतात. यात कुठल्याही घन कणाची गरज नसते. पण किंमत मोठी आहे, त्यासाठी बर्फाच्या हिशोबाने आर्द्रता १४० ते १६० टक्क्यांच्या घरात जावी लागते, आणि जितकी थंड हवा तितकी जास्त.

दुसरा रस्ता म्हणजे आयता गाभा. वाळवंटातली खनिज धूळ, धातूंचे कण, अशा घन पृष्ठभागावर बर्फ जमायला सोपं जातं, त्यामुळे बऱ्याच कमी आर्द्रतेला, कधी ११० ते १३० टक्क्यांनाच, काम सुरू होतं. अडचण एवढीच की असे कामाचे कण फार दुर्मीळ, हवेतल्या लाखो कणांत एखादा.

आता कुठला रस्ता जास्त चालतो यावर पुष्कळ वाद झालेत. २०१३ साली सायन्स या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात विमानातून सिरसचे स्फटिक गोळा करून, त्यांचा बर्फ उडवून, आत काय उरतं ते तपासलं, तर ६१ टक्के स्फटिकांच्या पोटात खनिज धूळ किंवा धातूचे कण निघाले. ते नमुने उत्तर आणि मध्य अमेरिकेच्या आसपासचे होते हे लक्षात ठेवा. हवा जोरात वर चढत असेल, डोंगरावरून उठणाऱ्या लाटांमध्ये चढते तशी, तर पहिला रस्ता जोर धरतो, कारण थोडेसे धूळकण वाढती आर्द्रता पुरेशा वेगाने शोषू शकत नाहीत. हवा सावकाश चढत असेल तर धूळ बाजी मारते. म्हणून ‘सिरस कसे तयार होतात’ याला एका वाक्याचं उत्तर देणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही, हवा किती वेगाने चढत होती हे विचारल्याशिवाय उत्तर पूर्णच होत नाही.

५. आर्द्रता १०० टक्क्यांच्या वर जाते म्हणजे काय? १०० म्हणजे भरलं ना?

पाण्याच्या पृष्ठभागाला धरून मोजलेले १०० आणि बर्फाच्या पृष्ठभागाला धरून मोजलेले १०० वेगळे असतात, सगळा गोंधळ इथेच होतो. बर्फातल्या रेणूंना सुटून वाफेत जाणं जास्त कठीण, त्यामुळे बर्फावरची हवा संपृक्त व्हायला, म्हणजे पूर्ण भरायला, वाफ कमी लागते. उणे ४० अंशाला पाण्याच्या हिशोबाने भरलेली हवा बर्फाच्या हिशोबाने साधारण १४७ टक्के असते. म्हणजे वर हवेचे मोठमोठे पट्टे असे असतात की तिथे बर्फ टिकला तर वाढत जाईल, पण बर्फाची सुरुवात व्हायला कारण मिळालेलं नाही, म्हणून आकाश निरभ्र दिसतं. हे पट्टे विमानांच्या बाबतीत फार महत्त्वाचे ठरतात, प्रश्न १३ बघा.

६. धूळ जास्त म्हणजे ढग जास्त, बरोबर?

नाही, आणि कधी कधी बरोबर उलटं. समजा एखाद्या ठिकाणी पहिल्या रस्त्याने भरपूर स्फटिक होणार होते. तिथे थोडे धूळकण आले तर त्यांच्यावर आधीच बर्फ जमतो, ते वाफ पिऊन टाकतात, आर्द्रता १४०-१५० पर्यंत पोचतच नाही आणि पहिला रस्ता बंद पडतो. नतीजा म्हणजे स्फटिक संख्येने कमी पण आकाराने मोठे, मोठे म्हणून लवकर खाली पडणारे, म्हणजे ढग पातळ आणि अल्पायुषी. पण पहिला रस्ता तसाही चालणार नव्हता अशा हवेत तेच कण घातले तर नवीन ढग जन्माला येतो. हवामान मुद्दाम बदलायच्या एका योजनेचा पायाच हा आहे, तिची जोखीमही इथूनच येते (प्रश्न १८).

७. गडगडाटी ढगाच्या डोक्यावर सपाट पसरलेला भाग असतो, तोही सिरसच का?

हो, पण जन्म वेगळा. त्याला ऐरणीसारख्या आकारामुळे ऐरण म्हणतात. तिथला बर्फ बराचसा खाली पाण्याचे थेंब म्हणून तयार झाला, जोरदार वाऱ्याच्या झोतात वर गेला, वाटेत गोठला आणि माथ्यावर अडून आडवा पसरला. त्यामुळे ऐरणीत बर्फ खूप जास्त असतो आणि ती जाड असते. जागच्या जागी वाफेतून झालेला सिरस पातळ असतो, एका घनमीटरमध्ये काही मिलिग्रॅम बर्फ, कधी त्याहूनही कमी. वादळ मरून गेलं तरी ऐरण तासन्‌तास तरंगत राहते, पातळ होत जाते, आणि शेवटी तिच्यात आणि साध्या सिरसमध्ये डोळ्याने फरक करता येत नाही. हवामानावरच्या परिणामात मात्र जाडीमुळे जमीन-अस्मानाचा फरक आहे.

८. सिरसमधून पाऊस पडतो का? त्या शेपट्या कसल्या दिसतात?

पडतो, पण जमिनीपर्यंत पोचत नाही. त्या शेपट्या म्हणजे खाली पडत असलेले स्फटिकच. मोठे स्फटिक सेकंदाला अर्धा-एक मीटर वेगाने उतरतात, खाली वाऱ्याचा वेग वेगळा असतो म्हणून रेघ वाकते, आणि कोरडी हवा लागली की बर्फ थेट वाफ होऊन जातो.

९. सूर्याला किंवा चंद्राला खळं पडलं की पाऊस येतो म्हणतात, त्यात तथ्य आहे?

थोडंफार आहे. खळं पडायला सहा बाजूंचे बर्फाचे स्फटिक लागतात. प्रकाश एका बाजूने शिरून एक सोडून दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो आणि कमीत कमी २२ अंशांनी वळतो, म्हणून वर्तुळ नेहमी त्याच मापाचं दिसतं. हात पूर्ण लांब करून पंजा फाकवला तर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत साधारण तेवढं, म्हणजे सूर्य-चंद्रापासून खळ्यापर्यंतचं, अंतर होतं, मोजून बघा (सूर्य असेल तर तो आधी एखाद्या भिंतीमागे किंवा खांबामागे झाकून घ्या, नुसत्या डोळ्याने बघू नका). म्हणजे खळं दिसलं की वर बर्फाचा ढग आहे हे पक्कं, बहुतेक सिरोस्ट्रॅटस. आता समशीतोष्ण भागात उबदार हवेचा मोर्चा सरकत येतो तेव्हा त्याच्या पुढे आधी सिरस, मग सिरोस्ट्रॅटस, मग मधल्या उंचीचे ढग आणि साधारण एखाद्या दिवसात पाऊस असा क्रम बरेचदा असतो, तिथे खळ्याचा इशारा कामाचा. उष्ण कटिबंधात हा हिशोब लागू पडत नाही, तिथे वरचा थर लांबच्या एखाद्या वादळाची उरलेली ऐरण असू शकते. आणि चंद्राला अगदी चिकटून जी छोटी रंगीत चकती दिसते ती खळं नव्हे, ती सहसा पाण्याच्या बारीक थेंबांमुळे पडते.

१०. ढग म्हणजे सावली, सावली म्हणजे गारवा. मग हे ढग पृथ्वी तापवतात कसे काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचाही हाच, म्हणून आकडे मांडून सांगतो.

प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार इन्फ्रारेड ऊर्जा बाहेर टाकते, आणि ही ऊर्जा तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. १५ अंश सेल्सिअसची जमीन दर चौरस मीटरमागे सुमारे ३९० वॅट वर सोडते. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड त्यातला काही भाग अडवतात, म्हणून स्वच्छ आकाशातून सरासरी २६५ च्या आसपास वॅट अंतराळात पोचतात. आता मध्ये १०-१२ किमीवर उणे ६० अंशांचा दाट बर्फाचा ढग आणा. तो खालून आलेली ऊर्जा शोषतो आणि स्वतःच्या तापमानाने वर सोडतो, ती भरते जेमतेम ११७ वॅट. म्हणजे बाहेर जाणारी जवळपास १५० वॅट ऊर्जा अडली. खालच्या थरातला ढग हे करू शकत नाही, कारण त्याचा माथा जमिनीपेक्षा फार थंड नसतो, तो जवळपास जमिनीइतकीच ऊर्जा वर सोडतो. सगळा खेळ माथा किती थंड आहे याचा.

सावलीची बाजू अर्थात आहेच, ढग सूर्यप्रकाश परत फेकतो. पण पातळ सिरसमधून सूर्यप्रकाशाचा बराच भाग खाली उतरतो (म्हणूनच सावली पडत राहते), आणि इन्फ्रारेड मात्र त्यात चांगलाच अडकतो. म्हणून पातळ सिरसचा जमाखर्च तापवण्याकडे झुकतो. शिवाय सावलीचा हिशोब फक्त दिवसा लागतो, अडवण्याचा चोवीस तास, त्यामुळे रात्रीचा सिरस कितीही जाड असला तरी तापवतोच.

११. पातळ म्हणजे किती पातळ? आकडा आहे का काही?

आहे, ढग प्रकाश किती अडवतो त्याचं ते माप, त्याला ऑप्टिकल डेप्थ म्हणतात. ०.०३ च्या खाली असेल तर सिरस डोळ्याला दिसतच नाही, थेट येणाऱ्या प्रकाशातला ९७ टक्के प्रकाश तसाच आरपार जातो. ०.३ पर्यंत पातळ, आणि साधारण ३ पर्यंत सिरस म्हणायची पद्धत आहे. आता गंमत बघा, ऑप्टिकल डेप्थ ४ च्या आसपास गेली की इन्फ्रारेड अडवायची क्षमता जवळजवळ संपते, ढग आणखी जाड केला तरी जास्त अडत नाही कारण अडवण्यासारखं सगळं अडलेलं असतं. पण सूर्यप्रकाश परत फेकणं मात्र जाडीबरोबर वाढतच राहतं. म्हणून एका टप्प्यानंतर दिवसाचा जमाखर्च उलटतो, आणि वादळाच्या मधोमध असलेला जाड भाग दिवसा थंडावा देतो. त्याच वादळाच्या ऐरणीची पातळ किनार त्याच वेळी तापवत असते.

१२. मग एकूण सगळे ढग मिळून पृथ्वी थंड ठेवतात की गरम?

थंड. सगळे ढग मिळून सूर्यप्रकाशातले ४५ ते ५० वॅट प्रति चौरस मीटर परत पाठवतात आणि इन्फ्रारेडमधले २५ ते ३० अडवतात, म्हणजे वजाबाकी करून सुमारे २० वॅटचा थंडावा. तो मुख्यतः समुद्रावरच्या खालच्या ढगांचा. तुलना करायची तर हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर जवळपास ४ वॅटचा फरक पडतो, म्हणून ढगांमध्ये थोडासा बदलसुद्धा गंभीरपणे घ्यावा लागतो. सिरस कुठल्याही क्षणी पृथ्वीच्या साधारण पाव भागावर असतात असं धरलं जातं, पण किती पातळ ढग मोजणार त्यावर हा आकडा बदलतो.

१३. विमानाच्या मागची पांढरी रेघ म्हणजे धूर का? आणि कधी लगेच जाते, कधी तासभर राहते, ते का?

धूर नाही, बर्फ. १ किलो इंधन जळलं की साधारण सव्वा किलो पाणी तयार होतं. ती गरम दमट हवा बाहेरच्या अतिथंड हवेत मिसळली की काजळीच्या कणांवर थेंब जमतात आणि लगेच गोठतात. हे कधी होईल याचं गणित १९४१ साली श्मिट आणि १९५३ साली अ‍ॅपलमन यांनी मांडलं, आजही तेच वापरतात. रेघ टिकेल की नाही हे मात्र बाहेरच्या हवेवर आहे. हवा कोरडी असेल तर काही सेकंदांत ते मिनिटांत गायब, आणि विमान प्रश्न ५ मधल्या पट्ट्यातून जात असेल तर रेघ वाढत जाते, पसरते आणि पूर्ण सिरस बनते. जागतिक हवामान संघटनेच्या २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मेघ कोशात १० मिनिटांपेक्षा जास्त टिकलेल्या रेघेला सिरस होमोजेनिटस असं अधिकृत नावच दिलंय.

काही जण कळकळीने विचारतात की टिकणाऱ्या रेघा म्हणजे मुद्दाम केलेली फवारणी का. नाही. दोन विमानं थोड्याशा वेगळ्या उंचीवरून गेली तर एकीची रेघ टिकते आणि दुसरीची टिकत नाही, कारण आर्द्रतेचे हे पट्टे उंचीने पातळ असतात, बरेचदा काहीशे मीटर.

१४. विमानांच्या रेघांचा तापवण्यावर खरंच परिणाम होतो, की फुगवून सांगतात?

खरंच होतो. २०२१ साली आलेल्या एका मोठ्या मूल्यमापनात २०१८ सालासाठी रेघांपासून झालेल्या सिरसचा परिणाम ५७ मिलिवॅट प्रति चौरस मीटर निघाला, आणि विमानसेवेच्या आजवरच्या सगळ्या कार्बन डायऑक्साइडचा ३४. पण यावरून ‘कार्बन डायऑक्साइडचं काय एवढं, रेघा बंद करा’ असं म्हणणं मला पटत नाही. एक तर ५७ च्या भोवतीची शक्यता १७ ते ९८ इतकी रुंद आहे. दुसरं, रेघ काही तासांत संपते आणि कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं हवेत राहतो. दोन्ही कमी करायला हवं, एकाच्या बदल्यात दुसरं नको.

चांगली गोष्ट अशी की थोडीच विमानं बहुतांश परिणाम करतात. जपानच्या हवाई हद्दीतल्या उड्डाणांचा २०२० साली अभ्यास झाला, त्यात २ टक्क्यांच्या थोडं वर उड्डाणांनी ८० टक्के परिणाम केलेला दिसला. म्हणजे तेवढ्याच विमानांची उंची थोडी बदलली तर बरंच साधेल. २०२३ मध्ये गूगल आणि अमेरिकन एअरलाइन्स यांनी ७० उड्डाणांवर असा प्रयोग केला आणि रेघा ५४ टक्क्यांनी कमी झाल्याचं जाहीर केलं. दुसरा उपाय इंधनाचा, ज्यात अ‍ॅरोमॅटिक (काजळी करणारी) संयुगं कमी आहेत अशा इंधनाने काजळी घटते आणि जर्मनी-अमेरिकेच्या विमानमोजणीत बर्फाचे स्फटिक ५० ते ७० टक्क्यांनी कमी झालेले सापडले.

१५. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेत विमानं बंद होती तेव्हा तापमानात फरक पडला होता ना? मग सिद्ध झालं की!

इतकं सरळ नाही. ११ सप्टेंबरनंतर तीन दिवस उड्डाणं बंद होती, आणि २००२ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात आलेल्या लेखात दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक १ अंशापेक्षा जास्त वाढल्याचं म्हटलं होतं. कल्पना बरोबर वाटते, रेघा गेल्या की दिवसा ऊन जास्त आणि रात्री उष्णता जास्त निसटणार. पण नंतरच्या अभ्यासांनी दाखवलं की ते दिवस तसेही बऱ्याच भागात कोरडे आणि स्वच्छ होते, खालचे ढग कमी होते, आणि एवढा फरक नेहमीच्या हवामानानेही पडू शकतो. रेघांचा परिणाम खरा आहे याला प्रश्न १४ मधला पुरावा आहे, या तीन दिवसांचा पुरावा त्यासाठी वापरू नये.

१६. पृथ्वी तापतेय तर हे ढग कमी होतील की वाढतील?

वर सरकतील, हे सगळ्यात खात्रीने सांगता येतं. २००२ साली हार्टमन आणि लार्सन यांनी मांडलं की उष्ण कटिबंधातल्या ऐरणींचा माथा ठरावीक तापमानालाच राहतो. कारण पुरेशी वाफ असेल तिथपर्यंतच हवा उष्णता बाहेर टाकून थंड होऊ शकते, आणि वाफ किती मावते हे तापमानावर ठरतं. खाली हवा तापली की तेच तापमान आणखी वर सापडतं, म्हणून ढगही तिथे जातो. आता प्रश्न १० मधला हिशोब लावा. जमीन तापली, ती जास्त ऊर्जा सोडायला लागली, पण ढगाचा माथा तेवढाच थंड राहिला, म्हणजे अडवलेली ऊर्जा वाढली. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या) सहाव्या अहवालात याचा परिणाम दर अंशामागे ०.२ वॅट प्रति चौरस मीटर दिलाय, तापवण्याच्या बाजूने.

१७. पण एका शास्त्रज्ञाने म्हटलंय की ढग आपोआप उघडतात आणि पृथ्वी थंड होते, त्याचं काय?

तुम्ही रिचर्ड लिंडझेन यांच्याबद्दल विचारताय. २००१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी म्हटलं की समुद्र तापला की पाऊस जास्त कार्यक्षम होतो, ऐरणींना बर्फ कमी उरतो, त्या आकसतात आणि जास्त उष्णता अंतराळात निसटते. पूर्ण फेकून द्यावी अशी ही कल्पना नाही. ऐरणींचं क्षेत्र थोडं कमी होईल असं भौतिकशास्त्रही सांगतं, फक्त कारण वेगळं, वरची हवा जास्त स्थिर होते म्हणून वादळांचा पसरावा घटतो, हे २०१६ साली सँड्रिन बोनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. पण लिंडझेन यांनी धरला होता तेवढा थंडावा त्यातून मिळत नाही, कारण ऐरण आकसली की अडवणं कमी होतं तसं सूर्यप्रकाश परत फेकणंही कमी होतं, दोन्ही बरंचसं एकमेकांना खातात. आयपीसीसीने या परिणामाला दर अंशामागे उणे ०.१५ दिलाय, आणि सगळ्या ढगांचा मिळून अधिक ०.४२. म्हणजे ढग आपल्याला वाचवतील या आशेवर बसता येत नाही.

१८. मग हे तापवणारे सिरस मुद्दाम पातळ करता येणार नाहीत का?

ही कल्पना २००९ मध्ये मिचेल आणि फिनेगन यांनी मांडली. प्रश्न ६ मधली युक्तीच, थंड भागात हिवाळ्यात, जिथे ऊन नसल्यासारखंच असतं, तिथे बर्फ जमवणारे कण सोडायचे, स्फटिक मोठे करून खाली पाडायचे. कागदावर सुंदर आहे. पण त्यासाठी तिथले ढग मुळात पहिल्या रस्त्याने होत असायला हवेत. तिथे आधीच पुरेशी धूळ असेल तर परिणाम जवळपास शून्य, आणि कण जास्त पडले तर नवीन सिरस तयार होऊन तापमान वाढेल. औषधाचा डोस जरा चुकला की आजार वाढणार, असं औषध अख्ख्या पृथ्वीला द्यायला मी तयार होणार नाही. समुद्राचं आम्लीकरण (कार्बन डायऑक्साइड विरघळून पाणी आम्लधर्मी होत जाणं) तर याने तसंही थांबत नाही.

१९. रात्री चमकणारे निळसर ढग आणि ध्रुवांकडचे शिंपल्यासारख्या रंगांचे ढग, तेही सिरसच ना?

नाहीत. रंगीत असतात ते स्ट्रॅटोस्फिअरमधले, म्हणजे ट्रोपोस्फिअरच्या वरच्या थरातले, १५ ते २५ किमीवर, साधारण उणे ७८ अंशांच्या खाली होणारे. त्यांच्या कणांवर क्लोरीनची संयुगं सक्रिय होतात आणि वसंतात सूर्य आला की ओझोन नष्ट होतो, अंटार्क्टिकावरच्या ओझोन छिद्रामागे हे ढग आहेत. रात्री चमकणारे तर ८० किमीच्याही वर, तिथे उन्हाळ्यात उणे १२० अंशांपेक्षा कमी तापमान असतं. त्यांच्या नोंदी १८८५ पासून मिळतात. बर्फ तिन्हीत, बाकी काही सारखं नाही.

२०. सिरसचा स्ट्रॅटोस्फिअरशी काही संबंध आहे का मग?

आहे, आणि यावर फारसं कोणी बोलत नाही. उष्ण कटिबंधात १७ किमीच्या आसपास तापमान उणे ८० पर्यंत उतरतं. स्ट्रॅटोस्फिअरमध्ये जाणारी बहुतेक हवा इथूनच हळूहळू वर जाते, आणि जाताना तिच्यातली वाफ अतिशय पातळ, बरेचदा न दिसणाऱ्या सिरसच्या रूपात गोठून खाली पडते. म्हणून वर पोचलेल्या हवेत दर दहा लाख रेणूंमागे पाण्याचे तीन-चारच रेणू उरतात. हे वाळवणं झालं नसतं तर वर वाफ जास्त असती आणि वाफ हरितगृह वायू आहे. याला अपवाद जानेवारी २०२२ मधला, टोंगाजवळच्या समुद्राखालच्या ज्वालामुखीने हा थंड दरवाजा टाळून सुमारे १४६ दशलक्ष टन पाणी थेट वर फेकलं, स्ट्रॅटोस्फिअरमधल्या एकूण वाफेच्या जवळपास १० टक्के.

२१. प्रवासी विमान सिरसमधून गेलं तर धोका असतो का?

पातळ सिरसमध्ये नाही, रोज हजारो विमानं जातात. जोरदार वादळाच्या वरच्या भागातले दाट स्फटिक मात्र त्रासदायक असतात. १ जून २००९ ला अटलांटिकवर एअर फ्रान्सचं ४४७ हे उड्डाण कोसळलं, त्याच्या घटनाक्रमाची सुरुवात वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाच्या स्फटिकांनी तात्पुरत्या बंद पडण्यापासून झाली, असं फ्रान्सच्या तपास यंत्रणेने नोंदवलंय.

२२. एवढ्या वरचं आणि न दिसणारं मोजतात तरी कसं?

लेझरने. २००६ मध्ये सोडलेल्या कॅलिप्सो उपग्रहाने २०२३ पर्यंत खाली लेझर मारून परत आलेल्या प्रकाशावरून पातळ सिरसही टिपले. जोडीला क्लाउडसॅट उपग्रहाचं रडार होतं, कारण जाड ढगात लेझर आत शिरत नाही आणि पातळ ढग रडारला दिसत नाहीत. मे २०२४ मध्ये गेलेल्या युरोप-जपानच्या अर्थकेअर उपग्रहावर दोन्ही एकत्र आहेत. जमिनीवर जर्मनीत कार्ल्सरूहला आयडा नावाची ८४ घनमीटरची टाकी आहे, तिच्यात हवा झपकन पसरवून थंड करतात आणि प्रश्न ४ मधले दोन्ही रस्ते समोर घडताना मोजतात. यातलं लेझर आणि रडारचं काम मला फार मोलाचं वाटतं, कारण त्याच्या आधी न दिसणाऱ्या सिरसचा जागतिक हिशोब मांडणं फार कठीण होतं.

२३. ढगात एकदम गोल भोक पडलेलं पाहिलं, मधोमध पिसासारखं काहीतरी लोंबत होतं. ते काय होतं?

तो थर बर्फाचा नव्हता, प्रश्न ३ मधल्या अतिशीत पाण्याचा होता. त्यातून विमान गेलं की पंखांवरून किंवा पंख्याच्या पात्यांवरून जाणारी हवा क्षणभर पसरते, तिचं तापमान झपकन उतरतं आणि तेवढ्या जागेतले थेंब गोठतात. बर्फावर हवा संपृक्त व्हायला वाफ कमी लागते (प्रश्न ५), त्यामुळे नवे स्फटिक आजूबाजूच्या थेंबांची वाफ ओढून घेतात, थेंब आटतात, स्फटिक जड होऊन खाली लोंबतात, आणि भोक तासभर किंवा जास्त वेळ रुंदावत राहतं. विमान तोवर केव्हाच निघून गेलेलं असतं, म्हणून बघणाऱ्याला कारण दिसत नाही. याला केव्हम म्हणतात, २०१७ च्या कोशात हे नावही आलंय. मधलं लोंबणारं पीस हा खरा बर्फाचा भाग, बाकी थर पाण्याचाच.